प्लेटलेट्स चढवताना बाबांना हुडहुडी भरली, बॅगेत जंतू असतील का?

कणकवली_पावसाळी: बाबांना डेंग्यू झालाय, प्लेटलेट्स खूप उतरल्या आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून डॉक्टरांनी बॅग सांगितली, इथे मिळाली नाही म्हणून भाऊ रातोरात कोल्हापूरला जाऊन घेऊन आला. लावली आणि थोड्याच वेळात बाबा थडथड कापायला लागले, ताप चढला, बीपी उतरलं. सिस्टरने लगेच बंद केली, आता बरे आहेत, ब्लड कल्चरचा (रक्तात जंतू वाढतात का बघायची टेस्ट) रिपोर्ट यायचाय. बॅगेवर एचआयव्ही, कावीळ सगळं निगेटिव्ह लिहिलेलं, मग जंतू कुठून येणार? की घाटातून आणताना बर्फ टाकायला हवा होता?

लॅबवाला_रत्नागिरी: बर्फ टाकला नाहीत ते बरोबरच केलंत, प्लेटलेट्स बर्फात खराब होतात. त्या २० ते २४ डिग्रीला सतत हलवत ठेवतात, साधारण ५ दिवस टिकतात, आणि घोळ तिथेच आहे कारण त्या उबेत जंतू पण मजेत वाढतात. रक्तदात्याच्या कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू सुई टोचताना आत जाऊ शकतात, म्हणून तर दात्याचा हात नीट स्वच्छ करतात आणि बऱ्याच बॅगांना पहिलं थोडं रक्त वेगळं काढायची छोटी पिशवी असते. लेबलवरच्या टेस्ट एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया एवढ्याच्या, त्यात बॅक्टेरिया येत नाहीत. पण प्रत्येक हुडहुडी म्हणजे जंतूच असं नाही हां, साधी रिअ‍ॅक्शन पण असते, मात्र बीपी उतरलं म्हणजे जंतू धरूनच चालायचं, कल्चरची वाट बघत अँटिबायोटिक थांबवत नाहीत.

मालवणचो_झील: माझ्या काकाक लाल रक्त लावलेला तेव्हा सिस्टर पहिली १५ मिनटा बाजूकच उभी होती, ह्येच्यासाठीच काय? आणि फ्रीजमधल्या रक्तात जंतू वाढनत नाय ना?

लॅबवाला_रत्नागिरी: होय, त्यासाठीच, गंभीर रिअ‍ॅक्शन बहुतेकदा सुरुवातीलाच दिसते. फ्रीजमध्ये धोका कमी पण शून्य नाही, यर्सिनिया नावाचा जंतू ४ डिग्रीलाही वाढतो. म्हणून पिशवी बाहेर काढली की अर्ध्या तासात लावायची, ४ तासांत संपवायची. लाईट गेली म्हणून वॉर्डात तशीच ठेवणं नको आणि गार आहे म्हणून गरम पाण्यात बुडवणं तर अजिबात नको.

कणकवली_पावसाळी: खूप आभार दादा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक कालच सुरू केलंय. ती अर्धी राहिलेली बॅग मात्र अजून वॉर्डातच पडलीय, फेकून देऊ म्हणत होते.

लॅबवाला_रत्नागिरी: फेकू देऊ नका!! नळीसकट सीलबंद करून ब्लड बँकेला परत पाठवायची, त्याचंही कल्चर लावतात. आणि आत्ताच फोन करायला सांगा, रिपोर्टची वाट बघू नका. त्याच दात्याच्या रक्तातून लाल पेशींची वेगळी पिशवी बनलेली असू शकते, ती दुसऱ्या कुणाला लावायच्या आत त्यांना अडवता येईल.

कणकवली_पावसाळी: सिस्टरला सांगितलं, त्या फोन लावतायत.