पल्ला की टप्पा? (पाणतीराच्या, म्हणजे टॉर्पेडोच्या, निमित्ताने)

वाशीमकर: गावच्या अभ्यासिकेतल्या पोरांसाठी आपल्या नौदलाच्या बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेवर टिपण लिहितोय. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळचा समुद्र, पाकिस्तानची पाणबुडी ‘हंगोर’. आपले १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यात सहज लिहिलं, ‘जहाज पल्ल्यात येताच पाणबुडी पाणतीर सोडते.’ एक पोरगी म्हणाली, “काका, पल्ल्यात नाही, टप्प्यात.” खरंच फरक आहे का?

माळ्यावरचा: आहे भाऊ, पोरगी बरोबर आहे. आमचे आबा ज्वारीत माळ्यावरून गोफण फिरवायचे. गोटा बांध ओलांडून पार नाल्यात पडायचा. तो पल्ला. पण पाखरं दिसली की मी घाई करायचो, तर ओरडायचे, “टप्प्यात येऊ दे नं बाप्पा, मंग हाण!” पल्ला गोट्याचा, टप्पा हाणणाऱ्याचा.

दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा विजेवरचा पाणतीर घ्या. ३० नॉट (ताशी सुमारे ५५ किलोमीटर) वेगाने ५ किलोमीटर जायचा. एवढं अंतर कापायला जवळपास साडेपाच मिनिटं. तेवढ्यात १५ नॉटचं जहाज अडीच किलोमीटर सरकतं. मध्ये कप्तानाने सुकाणू फिरवलं की पाणतीर मोकळ्या पाण्यात. तोच एक किलोमीटरवरून सोडला तर मिनिटभराचा खेळ, नेम अर्धा किलोमीटर पुढे धरायचा. म्हणून पाणबुड्या आधी जहाजाच्या वाटेवर पुढे जाऊन दबा धरायच्या. पाण्याखाली त्यांची चाल मंद, पाठलाग करून गाठणं जमत नसे.

झाडीपट्टी: हे जुनं झालं नं जी. आता पाणतीर आवाजाचा माग काढतो, काहींना तर मागे तार असते, सुटल्यावरही वळवता येतं. टप्पा पल्ल्याकडे सरकला म्हणा.

माळ्यावरचा: सरकला, कबूल. तरी २ मे १९८२ पाहा. ब्रिटिशांच्या ‘कॉन्करर’ या अणुपाणबुडीवर माग काढणारे नवे पाणतीर होते, पण अर्जेंटिनाच्या ‘जनरल बेलग्रानो’वर कप्तानाने सोडले ते जुने, सरळ धावणारे. अंतर सुमारे सव्वा किलोमीटर. तीनपैकी दोन लागले, जहाज बुडालं. आबांना पटलं असतं.

वाशीमकर: ‘टप्प्यात’ केलं. आता दुसरीच पंचाईत. पोरं म्हणतात, टप्पा म्हणजे एसटीचा, सहा किलोमीटर.