राज्यशास्त्राच्या तासाला वादविवाद घेतला तर भांडणं लागली, तुम्ही कसा घेता?

सड्यावरचा_मास्तर
मालवण तालुक्यात हायस्कूलला आहे, नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र. स्वाध्याय लिहून घेऊन घेऊन मलाच वीट आला म्हणून यंदा वादविवाद ठेवला, विषय पर्ससीनवर (बोटीवरून मासे घेरायचं मोठं जाळं) बंदी हवी की नको. म्हटलं घरचा विषय आहे, पोरं बोलतील. बोलली ना! पण एकाच्या बापाची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं), दुसऱ्याच्या मामाची पर्ससीनची बोट, पाच मिनिटांत कायदा राहिला बाजूला आणि "आमचो बांगडो तुझ्या मामान न्हेल्यान" सुरू. दुसऱ्या दिवशी दोन पालक ऑफिसात हजर. हेडसर म्हणतात त्यापेक्षा वक्तृत्व घ्या. वक्तृत्व म्हणजे घरून पाठ करून आणलेलं "माझ्या बालमित्रांनो", त्यात राज्यशास्त्र कुठे आलं? कोणी वर्गात नीट जमवलंय का?

फणसगरा
सर विषय चांगलाच होता, फक्त पहिलाच नको होता. आणि बाजू पोरांना निवडायला देऊ नका, चिठ्ठ्या टाका. रापणवाल्याच्या पोराला पर्ससीनची बाजू आली की झक मारत वाचावं लागतं. माझा नियम एकच, कागद दाखवल्याशिवाय मुद्दा मांडायचा नाही, तुमच्या विषयाला १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती आहेच की.
मी सुरुवात नाथ पैंपासून करतो. आपल्याच तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार, पण पोरांना नाव माहीत ते पाटीवरचं. १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ५ ने सांगितलं की मूलभूत हक्कांना संसदेने हात लावायचा नाही, आणि त्याच वर्षी हा विरोधी बाकावरचा माणूस खासगी विधेयक आणतो की संसदेला तो अधिकार पाहिजे. का बरं आणलं असेल? अर्धा वर्ग कोर्ट, अर्धा वर्ग नाथ पै, चार दिवस शोधायला. यात कोणाचा मामा नाही त्यामुळे डोकी शांत राहतात. १९७३ चा केशवानंदचा निकाल (संसद मूलभूत हक्कही बदलू शकते, पण संविधानाचा मूळ ढाचा नाही) मी मुद्दाम शेवटपर्यंत सांगत नाही. एका मुलीने आधीच शोधून आणला आणि दोन्ही बाजूंची हवा काढली 😄

बांधावरली
माजा आपला सोपा. ग्रामसभेक न्हेतंय पोरांका. काम एकच, माणसा मोजायची. कोरम (सभेक कमीत कमी लागतत ती माणसा) मतदारांच्या १५ टक्के नायतर १००, जा कमी आसात ता. गेल्या खेपेक पोरांनी मोजली तर ४१, त्यातली ९ बायका. सभा तहकूब. मगे एक पोरगो इचारता, बाई तहकूब सभेक परत कोरम लागता काय? नाय लागणा. "मगे पयल्या सभेक येवचा कित्याक?" ह्याच्यार दोन तास वाद झालो, माका विषय शोधूचो लागलोच नाय.

खाडीपलीकडे
हे सगळं ठीक पण पोर्शन कधी संपवता? आठवड्याला तास किती मिळतात ते बघा जरा. पालक मार्कच विचारतात.

फणसगरा
पोर्शन रखडतो, खोटं कशाला बोलू. म्हणून सत्राला एकच घेतो.

सड्यावरचा_मास्तर
चिठ्ठ्यांचं पटलं. नाथ पै दिवाळीनंतर घेतो. आणि बाई, ग्रामसभेचं हेडसरांना विचारलं तर म्हणाले सरपंचांना आधी कळवा. कळवलं तर त्या दिवशी कोरम भरेल बहुतेक 😅