वस्त्रकलाकाराने नागपूर सोडावं का?

सुईदोरा:
काल एका गटात फिरलेली पोस्ट वाचून राहवलं नाही. सार असं: टेक्स्टाइल शिकलेल्यांनी नागपूर सोडून सुरतेत प्रिंट डिझाइन करावं; वस्तीतल्या बायांसोबत एखाद्या संस्थेच्या भिंतीसाठी गोधडीचं पॅनल करणं हे करिअर नाही, समाजसेवा आहे.

सहा बाय चार फुटांचं पॅनल म्हणजे फूटभराचे २४ चौकोन, एकेक बाई एकेक भरते. शिवणीला दोन्हीकडे अर्धा इंच धरून १३ इंचांचा तुकडा कापला की फसलंच, कारण दाट धावदोऱ्याने कापड ओढलं जातं. १४ इंचांचा कापायचा आणि भरून झाल्यावर १३ चा छाटायचा. जुन्या लुगड्यांतला लाल आणि मरून ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघायचा. फडकं रंगलं तर तुकडा बाद. असा सुटणारा रंग मिठाच्या पाण्याने पक्का होत नाही, कोणी कितीही सांगो. अस्तराला कोरा मांजरपाट लावला तर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि पुढची बाजू फुगते. टांगायला मागे चार इंचांचा नेफा आणि त्यात लाकडी पट्टी. वर रिंगा ठोकल्या तर सगळं वजन चार भोकांवर येऊन कापड फाटतं. हे सांभाळून २४ हातांचं काम एकसंध दिसायला लावणं हे डिझाइनच आहे.

गांधीबागचा ताणा:
ताई, कौशल्य कोणी नाकारलं? पैशाचं बोला. एक चौकोन दाट भरायला १२ तास धरा. २४ चौकोनांचे २८८ तास. तासाला १०० रुपये म्हटले तरी २८,८०० बायांचेच झाले. संस्थेने सगळं मिळून ५०,००० दिले असं समजा. उरले २१,२००, त्यात कापड, दोरा, शिंपी, ऑटो, टांगणी आणि तुमची दोन महिन्यांची मेहनत. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. काहून थांबावं पोरांनी इथं?

सुईदोरा:
उरलेल्या पैशात स्वतःला बसवलं की हेच होणार. कोटेशनमध्ये कलाकाराचं मानधन पहिल्या ओळीत, बायांचे तास दुसऱ्या, साहित्य तिसऱ्या. ५०,००० च मिळणार असतील तर पॅनल १२ चौकोनांचं करा. तासाचा दर कापायचा नाही.

तीन धोटे:
मिल गेली म्हणून कापड गेलं का हो? करवती किनार साडी याच भागात विणतात. अंगाला कोसा रेशीम, काठांना सूत, आणि एकेका ओळीला तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी तीन साधनं. अंगाचा आणि काठाचा धागा सांध्यावर एकमेकांत अडकवला जातो, करवतीचे दाते तिथूनच येतात. दाता धाग्या-धाग्यानेच सरकतो, त्यामुळे स्क्रीनवर काढलेली गोल वेल त्या सांध्यात बसत नाही, तिच्या पायऱ्या होतात. हे समजणारा डिझायनर मागाशेजारीच घडतो. सरकारी विणकर सेवा केंद्र नागपुरातच आहे, आधी तिथे चार महिने बसा म्हणावं.

गांधीबागचा ताणा:
चार महिने बसायला घरून पैसे लागतात, भाऊ. सुरतेच्या कामात ६४ सेंटिमीटरच्या रोटरी रिपीटमध्ये, म्हणजे गोल फिरणाऱ्या छपाईच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, जोड न दिसणारी नक्षी बसवली, एकेका रंगाला एक असे सहा पडदे वेगळे करून दिले, की बिल निघतं.

कलम पंधरा:
बिल निघतं, हक्कही निघून जातो. नोंदणी करता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ते यंत्रावर ५० पेक्षा जास्त वेळा छापलं गेलं, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे कॉपीराइट संपतो. सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीवरून मायक्रोफायबर्स कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात याच मुद्द्यावर खटला हरली. डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करा, १० वर्षं मिळतात आणि पुढे ५ वाढतात. पण अर्ज आधी, इन्स्टाग्राम नंतर. नक्षी आधीच जाहीर झाली तर ती नवी उरत नाही.

सुईदोरा:
मग पॅनलचा फोटो संस्थेने शंभर पिशव्यांवर छापला तर?

कलम पंधरा:
कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ चा सर्वसाधारण नियम, जिने निर्मिलं ती पहिली मालक. बाईने चौकोन स्वतःच्या कल्पनेने भरला असेल तर त्यावर तिचा हक्क आहे, तुमचा नाही आणि संस्थेचाही नाही. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

गांधीबागचा ताणा:
एका गोधडीला २४ करार! असे कागद पुढे केल्यावर कोणती संस्था काम देईल? मूळ प्रश्न पोटाचा होता, तुम्ही कोर्टात नेऊन ठेवला.

तीन धोटे:
बायांच्या सहीचं नाव काढलं की तुम्हाला पोट आठवतं. सुरतेच्या व्यापाऱ्याने कागद पुढे केला तर निमूट सही करता ना? मग आपल्या पाचपावली वस्तीतल्या बाईला तोच कागद द्यायला काय अडचण आहे?

गांधीबागचा ताणा:
तोंड सांभाळून बोला. बायांचे पैसे बुडवा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा.

कलम पंधरा:
भांडू नका राजेहो. २४ कागद लागत नाहीत, एकच मराठी करार पुरतो. चौकोनाचा क्रमांक, बाईचं नाव, वापर कुठे (भिंतीवर, छापील पत्रकात, विक्रीच्या वस्तूवर), मुदत, आणि विक्री झाली तर वाटा किती. खाली २४ सह्या. सह्या कापड वाटायच्या दिवशीच घ्या. उद्घाटनाच्या गडबडीत कोणी वाचत नाही.

गांधीबागचा ताणा:
एकच कागद असेल तर चालेल. मानधन पहिल्या ओळीत, हेही मान्य. पण नव्या पोराने पहिली दोन-तीन वर्षं प्रिंटचं काम करून हात आणि खिसा दोन्ही भरावेत, यावरून मी हटणार नाही.

सुईदोरा:
करू दे. रोज नक्षीचे जोड बसवून नजर तयार होते, तेवढं मीही मानते. मात्र आपली मूळ फाइल आणि तारखेचे ईमेल जपून ठेवायला सांगा त्याला, आणि ‘समाजसेवा’ शब्द त्या पोस्टमधून काढा.