सायमन मेला तेव्हा शंख कुठे फुटला होता?

माडाखाली:
पुतणी बीएला आहे, इंग्रजी घेतलंय. काल ओटीवर बसून 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'ची उत्तरं पाठ करत होती आणि गाईडमधलं एक वाक्य ऐकून माझं डोकंच फिरलं. शंख म्हणजे सभ्यता, शंख फुटला की रानटीपणा सुरू, घ्या मार्क. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: विल्यम गोल्डिंगची 1954 ची कादंबरी, युद्ध चालू असताना इंग्लंडची शाळकरी पोरं विमान पडून निर्मनुष्य बेटावर अडकतात, मोठं माणूस एकही नाही. राल्फ पुढारी होतो, शंख ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं असं ठरतं. मग जॅक डुकरांच्या शिकारीच्या नादाने वेगळी टोळी काढतो आणि शेवटी पोरं एकमेकांच्या जिवावर उठतात.

आता माझं म्हणणं. सायमन म्हणून त्यातलं एक शांत पोर, त्याला शिकारीच्या नाचाच्या भरात सगळ्यांनी मिळून मारलं तेव्हा शंख शाबूत होता. राल्फ आणि त्याचा जाड चष्म्याचा दोस्त पिगी, म्हणजे आपले सभ्य पार्टीवाले, दोघेही त्या नाचात होते. त्याच्याही कितीतरी आधी सभा सोडून सगळे आग पेटवायला डोंगरावर पळाले, जंगल पेटलं, आणि तोंडावर डाग असलेलं ते बारकं पोर परत कोणाला दिसलंच नाही. तेव्हा तर शंख, मतदान, हात वर करणं सगळं होतं की. आणि जॅक कोण, तर चर्चमधल्या गायक पोरांचा म्होरक्या, काळे झगे घातलेली पोरं दोन रांगांत चालवत आणतो आणि म्हणतो मला वरचा सूर लागतो म्हणून मीच प्रमुख. बेटावरची सगळ्यात शिस्तीची पोरं तीच, आणि शिकारी पण तीच झाली.

खाडीपलीकडे:
गाईडवर कशाला राग काढता, मुद्दा बरोबरच आहे त्याचा. धाक गेला की माणूस उघडा पडतो, बस. गेल्या मे मध्ये घाटाखाली आंब्याचा टेम्पो पलटी झाला, ड्रायव्हर डोकं धरून कडेला बसलेला, कपाळातून रक्त, आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं गाड्या थांबवून पिशव्या घेऊन उतरली. त्यात मला शाळेत शिकवलेले एक सर होते. मी पण चार उचलले, खोटं कशाला बोलू. पोलीस आले तशी पाच मिनिटात सगळी परत सभ्य. गोल्डिंग नौदलात होता, 1944 ला नॉर्मंडीच्या उतरणीत होता, त्याने माणूस जवळून बघितलेला, आपण ओटीवर बसून बोलतोय.

रापणवाला:
माका काय ह्या पटणा नाय. गोष्ट ती गोष्ट, खरं काय झालं ते बघा. 1965 ला टोंगातली सहा पोरं बोर्डिंग शाळेतून पळाली, होडी चोरली, वादळात सापडून 'अता नावाच्या ओसाड बेटावर लागली. पंधराएक महिने राहिली. आग विझू दिली नाही, कामाच्या पाळ्या लावल्या, भांडण झालं की दोघांनी दोन दिशांना जायचं आणि डोकं थंड झालं की परत यायचं. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी बांधून बरा केला. 1966 ला एका ऑस्ट्रेलियन बोटवाल्याला सापडली तेव्हा सगळी धडधाकट.

आणि टोंगा लांब राहिलं, आपल्या आचऱ्याची गावपळण घ्या. रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर, गुरं कोंबड्या कुत्री सगळं घेऊन, सगळ्या धर्माची माणसं, माळावर झापांच्या झोपड्यात. माझी आत्ये तिकडे दिलेली, मी लहानपणी गेलोय तिच्यासोबत. रात्री भजन, पत्ते, शेजारच्या चुलीवरचं सुकटाचं कालवण मागून आणायचं. गाव रिकामं, कोणी कोणाच्या घरात शिरत नाही. म्हणजे घरदार सुटलं की माणूस जनावर होतो हे इंग्लंडात होत असेल.

खाडीपलीकडे:
अहो पण गावपळणीत धाक सुटतो कुठे, उलट देवाचा धाक डबल. रामेश्वर, गावकर, मानकरी, आजी, आत्ये सगळी सोबत. आणि चौथ्या दिवशी घरी जायचंय हे माहीत असतं. टोंगाची पोरं पण एका शाळेतली, एकमेकांची दोस्त. गोल्डिंगची पोरं अर्धी एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, पिगीचं खरं नाव शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. तुलनाच चुकीची.

चष्मेवाली:
मध्येच बोलते, विषय थोडा वेगळा. कादंबरीत पोरं पिगीच्या चष्म्याच्या काचेने उन्हात आग पेटवतात. पिगीला लांबचं दिसत नाही म्हणजे मायनस नंबर, ती काच ऊन एकवटत नाही, पसरवते. मी माझा मायनस पाचचा चष्मा घेऊन अंगणात सोडणाच्या काथ्यावर अर्धा तास धरून बसले, आई वरून विचारतेय काय गं भानामती करतेस का. काही नाही झालं. बाबांच्या वाचायच्या चष्म्याने निदान धूर तरी आला. लेखकाची चूक आहे ती, पण माफ, कारण त्या चष्म्यानेच मला कादंबरी कळली. रात्री जॅकची पोरं हल्ला करतात तेव्हा पिगीला वाटतं शंख न्यायला आलेत. शंखाला कोणी हात पण लावत नाही, चष्मा पळवतात. शंखाची किंमत फक्त राल्फ पिगीलाच होती हो, बाकीच्यांना मटण भाजायला विस्तव हवा होता.

माडाखाली:
चष्मेवाली, हे भारी, पुतणीला सांगतो (मार्क मिळणार नाहीत).

खाडीपलीकडे, धाक धाक म्हणताय, पण शेवटी पोरांना सोडवायला येतो कोण? पांढऱ्या गणवेशातला नौदलाचा अधिकारी. ब्रिटिश पोरं असून असं वागलात, म्हणून नाक मुरडतो, आणि मागे त्याची युद्धनौका उभी. तो स्वतः काय करून आलाय आणि कुठे चाललाय? रत्नागिरीत थिबा पॅलेस बघितलाय ना, त्या ब्रह्मदेशच्या राजाचं राज्य इंग्रजांनी 1885 मध्ये घेतलं, इथे आणून कोंडला, 1916 ला इथेच मेला बिचारा. सगळं कागदोपत्री, पेन्शन बिन्शन देऊन, रीतसर. तिथे कोणी जॅकच्या टोळीसारखा तोंडाला रंग फासला नव्हता.

रापणवाला:
ह्या मात्र खरा.

खाडीपलीकडे:
थिबा बिबा ठीक आहे, पण मग तुमच्या मते माणूस मुळात कसा? ते सांगत नाही तुम्ही, नुसते इंग्रजांवर घसरता.

माडाखाली:
मुळात कसा ते मला कुठे ठाऊक. मला एवढंच खटकतं की सभ्य आणि रानटी अशी दोन गावं मध्ये खाडी घालून दाखवतात. सायमनच्या खुनानंतरची सकाळ परत वाचा. राल्फ सरळ म्हणतो खून झाला. पिगी, सगळ्यात हुशार, तो म्हणतो अपघात होता, आपण बाहेरच्या बाजूला होतो, अंधार होता. टोळीतलं कोणी नाही, शंखवाला पिगी.

बरं, तुमच्या त्या सरांचं काय झालं, नंतर भेटले का?

खाडीपलीकडे:
भेटले ना, दुसऱ्या दिवशी बाजारात. म्हणाले, अरे उन्हात कुजलेच असते ते.

चष्मेवाली:
आणि ड्रायव्हर?

खाडीपलीकडे:
नाही माहीत. मी निघालो तेव्हा बसलेलाच होता.