मदत हवी आहे : मामाच्या कॅसेटवरची बोवीची गाणी – वेगळी मिक्स आहेत की माझा डेकच पळतोय?

यंत्रमागी

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा. पूर्व भागात आमचे टॉवेलचे माग आहेत, त्यामुळे दिवसभर कानात खटखट आणि रात्री डेव्हिड बोवी, इंग्रज रॉक गायक. हा नाद मामाचा. मामा बोटीवर इंजिनखोलीत नोकरीला होता. १९७२ पासून नऊ-दहा वर्षं तो लंडन, हॅम्बर्ग, न्यूयॉर्क अशा बंदरांतून बोवीच्या छोट्या तबकड्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या सिंगल्स, आणायचा. नोकरी सोडल्यावर त्याने त्या सगळ्या एका सी-९० (नव्वद मिनिटांच्या) कॅसेटवर भरून ठेवल्या. कार्डावर त्याच्या तिरक्या अक्षरात फक्त 'बोवी, छोट्या तबकड्या' एवढंच. ना साल, ना कंपनी.

तबकड्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या माळ्यावर गेल्या. वर पत्रा. आमचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. गेल्या वर्षी मामा गेला, माळा उतरवला, तर अकरा तबकड्या भाजलेल्या पापडासारख्या कडेने वळलेल्या. एकच वाचली. ती खाली देवघराच्या कपाटात जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात दाबून राहिली होती. तिचं पुढे सांगतो.

कॅसेट ऐकायला घेतली आणि डोकं चक्रावलं. फोनवर वर्षानुवर्षं ऐकलेली गाणी इथे वेगळीच आहेत.

'स्टारमन' : आवाज जरा चिरका, गाणं घाईत. फोनवर ४ मिनिटं १३ सेकंद, कॅसेटवर ४ मिनिटं ३ सेकंद. शिवाय कोरसच्या आधी ती तारयंत्राच्या कटकट्टसारखी एकाच सुरावरची टिकटिक येते ना, ती इथे एवढी जोरात की दचकायला होतं.

'रिबेल रिबेल' : फोनवर साडेचार मिनिटं, इथे २ मिनिटं ५१ सेकंदांत खलास. मागे करताल-चिपळ्यांसारखं काहीतरी वाजतं आणि 'लि लि लि लि' असा कोरस आहे. तो मी आजवर कधीच ऐकला नव्हता.

'स्पेस ऑडिटी' : वाद्यं फारच थोडी. यान सुटतं तिथे गाणं एकदम गप्प! दहा-बारा सेकंद काही नाही. मला वाटलं मामाने चुकून पुसलं.

'जॉन, आय'म ओन्ली डान्सिंग' : यात सॅक्सोफोन आहे. फोनवर जे पहिलं सापडतं त्यात नाही.

आता वाचलेली तबकडी. ती याच 'जॉन'ची आहे. कव्हर गेलंय. लेबलवर कंपनीचं नाव आणि क्रमांक, आरसीए २२६३. माझ्याकडे रेकॉर्ड प्लेयर नाही.

तर प्रश्न असा, की ही खरंच वेगळी मिक्स (म्हणजे त्याच गाण्यात आवाज-वाद्यं वेगळ्या प्रमाणात मिसळलेली) आहेत की डेकचा दोष? डेक गेल्या दिवाळीत दुरुस्त करून आणलाय, पट्टे नवीन घातलेत. आणि ही गाणी स्वच्छ आवाजात कुठे मिळतील? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

उंडगा

यूट्यूबवर सगळं आहे की. कॅसेट कशाला खरवडताय?

यंत्रमागी

@उंडगा, यूट्यूबवर 'रेअर मिक्स' नावाने काहीही चढवलेलं असतं. परवा एक ऐकलं, तेच गाणं हळू चालवून घुमवलेलं. मला मामाने काय आणलं होतं ते कळून घ्यायचंय.

---

टेपवाले काका

आधी डेकचं बघू, बोवी पळून जात नाही.

कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर वेगाने चालायला हवी. पट्टा सैल झाला तर गाणं मंद होतं, डुलतं. तुमचं जलद आहे, म्हणजे पट्ट्याचा संबंध नाही. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत वेग लावायचा स्क्रू. दुरुस्तीवाल्याने पट्टे घातल्यावर तो कानाच्या अंदाजाने फिरवला असणार. तुम्ही मागवाले आहात, पुली आणि पट्टा तुम्हाला मी काय शिकवणार!

पण तुमचं मोजमाप चुकलंय. गाणं विरत जाऊन संपतं तिथून कधी मोजू नये. वेगवेगळ्या मिक्समध्ये विरण्याची जागाच निराळी असते. गाण्याच्या पोटातल्या दोन पक्क्या जागा धरा. पहिला शब्द आणि शेवटच्या कोरसचा पहिला शब्द, असं. फोनवरचे सेकंद भागिले कॅसेटवरचे सेकंद. तीन-चार गाण्यांचं करा. सगळीकडे एकच आकडा आला तर वेगाचा दोष, एखाद्याचाच निराळा आला तर त्या गाण्याकडे बघू. पेटीवरची एक पट्टी चढायला वेग साधारण सहा टक्के वाढावा लागतो, त्यावरून कानालाही अंदाज येईल.

दुसरं, दोष आत्ताच्या डेकचा की भरतानाचा, हे बघायला दुकानातून घेतलेली एखादी छापील कॅसेट त्याच डेकवर लावा. तीही पळाली तर आत्ताचा डेक.

आणि कुणी तुम्हाला सांगेल की दोन्ही गाणी ऑडॅसिटीत (संगणकावरचं ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर) एकमेकांवर ठेवा, एकाची लहर उलटी करा, उरेल तो फरक. कॅसेटला हे लागू नाही. फीत क्षणाक्षणाला इतकी थरथरते की तेच गाणं असलं तरी शून्य होणार नाही. त्यापेक्षा हेडफोनचा एक कान काढून डावी-उजवी बाजू वेगवेगळी ऐका.

यंत्रमागी

काका, दंडवत. काल रात्री वही घेऊन बसलो. 'स्टारमन' १.०४, कॅसेटवरच्या आणखी दोन गाण्यांनाही १.०४. घरातली भीमसेन जोशींची छापील कॅसेट लावली तर अण्णाही पाऊण पट्टी वर! म्हणजे डेकच. स्क्रू सापडला, केसभर फिरवला, आता अण्णा जागेवर आले.

आणि मजा म्हणजे वेग सुधारल्यावर 'स्टारमन'चा चिरकेपणा गेला, पण ती टिकटिक तेवढीच जोरात आहे. 'रिबेल रिबेल' २:५८ झालं. साडेचार मात्र नाही झालं.

---

निव्वळ श्रोता

आता माझी पाळी. काकांनी भुसा पाखडून दिला, उरलेले दाणे खरे आहेत.

'स्टारमन' एप्रिल १९७२ मध्ये सिंगल म्हणून आलं, अल्बम नंतर जूनमध्ये. ब्रिटिश सिंगलच्या मिक्समध्ये ती टिकटिक मोठी ठेवलेली आहे, अल्बमवर ती मागे ढकलली. संग्राहक तिला 'मोर्स कोड' (तारयंत्राची सांकेतिक लिपी) म्हणतात, तुम्ही न वाचता तेच लिहिलंत. २०१५ च्या 'फाइव्ह इयर्स' या संचात 'री:कॉल १' नावाचा भाग आहे, त्यात हे मूळ सिंगल मिक्स आहे.

'रिबेल रिबेल'बद्दल अभिनंदन. ते अमेरिकन सिंगल आहे. ब्रिटनमध्ये गाणं फेब्रुवारी १९७४ ला आलं. अमेरिकेसाठी बोवीने वेगळं मिक्स केलं, मे महिन्यात काढलं, आणि दोनेक महिन्यांत तिथेही ब्रिटिश रूप लावून हे मागे घेतलं. चिपळ्या म्हणताय त्या कॅस्टनेट. लांबी बरोबर तीन मिनिटांच्या आतबाहेर. काकांचा भागाकार नसता तर तुमचे २:५१ कुठेच जुळले नसते. म्हणजे मामा १९७४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला उतरला होता असं धरायला हरकत नाही. हे 'री:कॉल २' मध्ये मिळेल, २०१६ चा 'हू कॅन आय बी नाउ' संच.

'स्पेस ऑडिटी' मामाने पुसलेलं नाही! मूळ गाणं १९६९ चं. १९७९ मध्ये बोवीने ते एका टीव्ही कार्यक्रमासाठी नव्याने, मोजक्या वाद्यांत गायलं. उड्डाणाच्या जागी मुद्दाम शांतता ठेवली. फेब्रुवारी १९८० मध्ये ते 'अलाबामा साँग'च्या मागच्या बाजूला आलं. मला स्वतःला हेच जास्त आवडतं. पहिल्यात रॉकेट ऐकू येतं, यात माणूस. (मारायला या आता.)

याच गाण्याचं १९६९-७० चं इटालियन रूपही आहे. त्यात अंतराळवीराचा पत्ताच नाही, एकटा मुलगा आणि एकटी मुलगी एवढंच. ते मामाच्या कॅसेटवर नसेल तर आवर्जून ऐका.

यंत्रमागी

वाचून अंगावर काटा आला. त्या शांततेवरून मी मामाला मनात दोन शिव्या हासडल्या होत्या.

आणि 'जॉन'?

निव्वळ श्रोता

तेच शेवटी ठेवलं होतं, कारण तिथे खरा घोळ आहे.

पहिलं रूप सप्टेंबर १९७२ चं, सॅक्सोफोन नाही. जानेवारी १९७३ मध्ये 'अलॅडिन सेन' अल्बमचं काम चालू असताना गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं, यावेळी सॅक्सोफोनसकट. एप्रिल १९७३ पासून हे नवं रूप दुकानात गेलं, पण क्रमांक तोच, आरसीए २२६३. मागची बाजूही तीच. पिशवीत काय आलं ते घरी जाऊन सुई टेकवल्याशिवाय कळायचं नाही. वर आणखी, १९७६ च्या 'चेंजेसवनबोवी' या संकलनाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश प्रतींत हे सॅक्सवालं रूप गेलं, नंतरच्या प्रतींत पहिलं. १९७४ मध्ये त्याच गाण्याचं आणखी एक लांबलचक, फंकच्या अंगाचं रूप केलं, ते थेट १९७९ च्या डिसेंबरात बाहेर आलं. पण त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

'री:कॉल १' मध्ये १९७२ आणि १९७३ ची दोन्ही रूपं एकाच ठिकाणी आहेत, तेव्हा ऐकण्याची अडचण नाही. पण हातातली तबकडी कुठली, हे लेबलवरून सांगता येणार नाही. शेवटच्या गुळगुळीत पट्ट्यात, लेबलभोवती, खरवडलेला क्रमांक असतो. तो टॉर्च तिरका धरून वाचता येतो, जाणकार त्यावरून ओळखतात. तरी वाजवणं सगळ्यात सोपं.

यंत्रमागी

कॅसेट याच तबकडीवरून भरली असणार, म्हणजे सॅक्सवालीच. तरी खात्री करायला हवी. सोलापुरात कुणाकडे चालू प्लेयर आहे का?

सातरस्ता

आहे ओ. वडिलांचा, पट्टा नाही, सरळ मोटरवर फिरणारा. सात रस्त्याला या रविवारी दहाच्या पुढे. तबकडी उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवून आणू नका म्हणजे झालं, अकराची बारा होईल. आणि येण्याआधी तिला काही लावू नका. कोलीन नाही, स्पिरिट नाही, नारळाचं तेल तर नाहीच नाही. (हसू नका, एकाने लावून आणली होती.) मी शुद्ध पाण्याने धुतो.

---

यंत्रमागी

अपडेट देतो.

काल सातरस्ता यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी आधी तबकडी परातीत धरून मऊ ब्रशने गोल गोल धुतली, लेबलवर स्टीलची वाटी पालथी दाबून, म्हणजे ते भिजायला नको. पंचांगाच्या पानाची शाई कडेला लागली होती ती निघाली. मधे मोठं भोक असल्याने प्लॅस्टिकची चकती बसवली. सुई टेकवली. सुरुवातीला ताव्यात फोडणी टाकल्यासारखी चटचट, मग गिटार.

सॅक्सोफोन नाही.

आम्ही दोघंही शेवटपर्यंत वाट बघत बसलो. नाहीच. हे १९७२ चं पहिलं रूप आहे. म्हणजे कॅसेट या तबकडीवरून भरलेलीच नाही! निव्वळ श्रोता म्हणतात त्या १९७६ च्या संकलनावरून भरली म्हणावं, तर मामाकडे मोठी एलपी एकही नव्हती. मग कॅसेटवरचा सॅक्सोफोन आला कुठून?

घरी जाताना शुक्रवार पेठेत थांबलो. मामी आता पंचाहत्तरीच्या पुढे. तिला बोवी म्हणजे 'तो लाल केसाचा'. तबकडी दाखवली, विचारलं, "मामी, ही तुला आठवते का गं?"

तिने चष्मा वर केला, लेबल बघितलं आणि लगेच म्हणाली, "ही का? ह्याच्यावरनं तर भांडण झालं होतं. आमच्या लग्नाला वर्ष झालं असंल. घरात साखर आणायला पैसे नाहीत, आणि हे गृहस्थ तीच तबकडी दुसऱ्यांदा घेऊन आले. मी दोन्ही शेजारी धरून दाखवल्या, हे बघा नाव तेच, नंबर तोच, मग दोनदा पैसे कशाला घातले? तर नुसते हसतात. म्हणे वेगळी आहे."

मामीचं लग्न १९७२ चं.

मी विचारलं, दुसरी कुठे गेली? म्हणाली, "मी हट्टच धरला, एक कमी करा. मग दिली त्यांनी कॅसेट भरून झाल्यावर कुणाला तरी. ही पंचांगात मीच लपवली होती, हीपण देतील म्हणून."

त्यामुळे धागा बंद करत नाही. ऐंशीच्या दशकात शुक्रवार पेठेतल्या, बोटीवरून परतलेल्या माणसाकडून कुणाच्या वडिलांना-काकांना आरसीए २२६३ मिळाली असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विकत मागत नाही. एकदा दोन्ही शेजारी धरून मामीला वाजवून दाखवायच्या आहेत.

उंडगा

माझे शब्द मागे घेतो. बाबांकडे एक खोकं आहे जुन्या तबकड्यांचं, जोडभावी पेठेत. रविवारी उघडतो.

सातरस्ता

उघडा, पण दुपारी नको बे, सकाळी उघडा. ऊन फार आहे.