न्यायमूर्ती कुठल्या गावचा हे बघून निकाल सांगता येतो काय?

टिळकवाडीकर
रविवारी पहिल्या रेल्वे गेटाजवळ चहाला बसलो होतो. विषय फिरून फिरून सीमाप्रश्नाच्या दाव्यावर (आमचा बेळगाव-निपाणीचा भाग मिळावा म्हणून महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात घातलेला) आला आणि एकानं नेहमीचं वाक्य टाकलं, "बेंचवर एक तरी मराठी माणूस पाहिजे, नाहीतर कन्नड तरी नको." पुरावा म्हणून त्यानं कृष्णा पाणीवाटपाचं प्रकरण पुढं केलं. जानेवारी २०२२ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड महाराष्ट्रातले आणि न्या. बोपन्ना कर्नाटकातले म्हणून दोघांनीही त्या सुनावणीतून माघार घेतली होती. "त्यांनाच स्वतःचा भरवसा नाही, आपण कसा धरायचा?"

मला हे पटत नाही. माघार घेतली ती लोकांच्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून. निकालात कोण कुणाच्या बाजूला बसतं ते उघडून बघा. नोटबंदीचा निकाल घ्या, २ जानेवारी २०२३, पाच जणांचं घटनापीठ. त्यात नझीर, बोपन्ना आणि नागरत्ना हे तिघे कर्नाटक उच्च न्यायालयातून आलेले. एका राज्याचे म्हणून तिघे एकत्र राहिले? नझीर आणि बोपन्ना बहुमतात, ते बहुमताचं निकालपत्र लिहिलं अमरावतीच्या गवईंनी, आणि नागरत्नाबाई एकट्या विरोधात.

आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्के आरक्षणाचा निकाल (नोव्हेंबर २०२२) तर याहून मजेशीर. तीन विरुद्ध दोन. हरलेल्या दोघांत एक खुद्द सरन्यायाधीश उदय लळीत, दुसरे रवींद्र भट. एक मराठी, दुसरे मूळचे म्हैसूरकडचे. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींतल्या गरिबांना यातून वगळणं घटनेत बसत नाही, असं दोघांनी मिळून मांडलं. आमच्या चहाच्या बाकावर मराठी आणि म्हैसूरवाला इतक्या गुण्यागोविंदानं बसलेले मी तरी बघितले नाहीत.

खानापूरचा काळा कोट
दादा, उदाहरणं सगळी घटनापीठांची काढलीत. तिथं पाच, सात, नऊ जण बसतात म्हणून मतभेद दिसतो. रोजचं काम दोघा-तिघांच्या बेंचवर चालतं आणि तिथं बहुतेक वेळा एकच निकाल येतो. कुठलं प्रकरण कुणापुढं लावायचं हे सरन्यायाधीश ठरवतात. अमेरिकेत नऊच्या नऊ जण एकत्र बसतात, त्यामुळे सहा-तीन असे गट मोजता येतात. आपल्याकडं गट पडायचा तो निकालाआधी, रोस्टरवरच (प्रकरणं वाटून देण्याच्या तक्त्यावर) पडतो. जानेवारी २०१८ मध्ये चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली ती याच दुखण्यावरून.

आणि गाव सोडा, निवृत्तीनंतरचं बघा. तुम्ही म्हणता ते नझीर साहेब निकालानंतर दोनच दिवसांनी निवृत्त झाले आणि पुढच्या महिन्यात आंध्रचे राज्यपाल. मी आरोप करत नाही. पण कोर्टाच्या आवारात आम्ही पक्षकारांना सांगतो की नुसतं निष्पक्ष असून भागत नाही, तसं दिसायलाही लागतं.

टिळकवाडीकर
राज्यपालपदाचं मान्य, ते मलाही खटकतं. पण त्याच बेंचवरच्या नागरत्नाबाईंचं काय कराल? नोटबंदीत त्या केंद्राच्या विरोधात गेल्या. जुलै २०२४ मध्ये खनिजांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे असं आठ जणांनी म्हटलं, तेव्हा या पुन्हा एकट्या, आणि यावेळी मत केंद्राच्या पदरात. बळ्ळारीच्या खाणी कर्नाटकातच आहेत की! गावाकडं बघून लिहायचं असतं तर आठात नववं मिळवणं सोपं होतं.

निपाणीची बाई
तुम्ही दोघं भिन्नमतं मोजताय, मी अशा निकालाबद्दल बोलते ज्यात एकही भिन्नमत नव्हतं.

कर्नाटक सरकारचा १९९४ चा आदेश होता, पहिली ते चौथी मातृभाषेतून नाहीतर कन्नडमधून. ६ मे २०१४ ला पाच जणांच्या घटनापीठानं एकमुखानं सांगितलं की सरकारला मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही, माध्यम पालक निवडतील. आपल्यातले बरेच जण तेव्हा खूश झाले, बंगळूरची जिरली म्हणून. माझ्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात यंदा नऊ मुलं आहेत. बाकीची सकाळी सव्वाआठला टाय लावून पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेला जातात, त्यात एकीकरण समितीच्या (महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या) मोर्चात पुढं असणाऱ्यांचीही नातवंडं असतात. नावं घेत नाही, त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जायचं असतं.

पाचांतल्या एकानं जरी लिहिलं असतं की सीमेवरच्या छोट्या भाषेला पालकांची निवड हाच मोठा धोका आहे, तर आज हातात धरायला चार पानं असती. एकमत म्हणजे चांगला निकाल असं नसतं हो.

आणखी एक, हे कुणाला आवडणार नाही. मुंबईच्या गुजराती संस्थांच्या शाळांनी मराठी विषयाच्या सक्तीला आव्हान दिलं होतं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राची बाजू उचलून धरली, तेव्हा आपण पेढे वाटले. २०१५ ला कर्नाटकानं कन्नड विषय सक्तीचा केला तेव्हा मात्र अन्याय.

येळ्ळूरचा
बाई, ते वेगळं हे वेगळं. आम्ही इथं मर्जीनं आलो नाही, १९५६ ला राज्यं नव्यानं आखताना आमाला आणून टाकलंय.

निपाणीची बाई
ते खरंच आहे. पण तिथल्या गुजराती पोराला ते सांगून पटणार आहे काय?

खानापूरचा काळा कोट
बाईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांच्या हक्कांवरच्या २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात, तोही कर्नाटकातलाच, अकरा न्यायमूर्ती बसले होते. भाषिक अल्पसंख्य ठरवायचे ते राज्याच्या हद्दीवरून, असं बहुमतानं ठरलं. त्यामुळे बेळगावात आपण अल्पसंख्य, आणि जत-अक्कलकोटचा कन्नड माणूस तिथं अल्पसंख्य. न्या. रुमा पाल यांचं म्हणणं वेगळं होतं. ज्या कायद्याविरुद्ध संरक्षण मागताय त्याचा अंमल जिथवर, तिथवर मोजा, असं त्यांनी लिहिलं. कायदा केंद्राचा असेल तर मोजणी देशाची. ते मत जिंकलं असतं तर हिंदी सोडून देशात सगळेच अल्पसंख्य! म्हणून म्हणतो, भिन्नमत दिसलं की लगेच हार घालू नका, एखादं आपल्यालाच गोत्यात आणेल.

टिळकवाडीकर
न्या. खन्नांचं काय मग? २८ एप्रिल १९७६, आणीबाणी. चार जण म्हणाले की अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही, एकटे खन्ना म्हणाले येते. पुढं त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं. त्या चारांत यशवंतराव चंद्रचूड होते आणि २०१७ मध्ये त्यांच्याच मुलानं नऊ जणांच्या पीठावर बसून तो निकाल मोडीत काढला. इथं गाव सोडा, बापाचंही चाललं नाही.

खानापूरचा काळा कोट
एक्केचाळीस वर्षांनी. आत बसलेले तोवर केव्हाच सुटले होते, आणि सुटले ते १९७७ च्या मतपेटीतून.

येळ्ळूरचा
तेच म्हणतोय मी. तुमी कोण कुणाच्या बाजूला मोजत बसा. महाराष्ट्रानं दावा घातला २००४ ला. माझा पोरगा त्याच साली झाला, आता मतदान करतोय. हा दावा कोर्टानं ऐकायचा का संसदेनं बघायचं, याच्यावरच अजून घोडं अडलंय. आधी बेंच बसू दे, मग एकमत का भिन्नमत ते बघू.

शहापूरची गल्ली
आमच्या घरात कन्नड, गल्लीत मराठी. बैलहोंगलला मामाकडं गेलो की तिथंही हेच, फक्त उलटं. "दिल्लीत मराठी न्यायमूर्ती फार झालेत, आपलं काही खरं नाही." मामाला मी लळीत आणि भटांचं सांगितलं तर म्हणाला, ते आरक्षणाचं होतं, हद्दीचं असतं तर बसले असते काय शेजारी? याचं उत्तर मला सुचलं नाही. टिळकवाडीकर, तुमच्याकडं असलं तर सांगा.

टिळकवाडीकर
नाही. हद्दीवर दोन राज्यांचे न्यायमूर्ती शेजारी बसून लिहितायत असं प्रकरण माझ्या वाचनात नाही. कृष्णेत ते बघायला मिळालं असतं, पण दोघंही उठून गेले.

येळ्ळूरचा
वकील सायब, पुढची तारीख कळली तर हितंच टाका. बेंचवर कोण ते नको, तारीख तेवढी.