हवाई: ओआहूवर ४ रात्री, माउईवर ४ रात्री. भाड्याची गाडी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण हवाईला निघालोय. आम्ही दोघं, मुलं (वय ३ आणि ७) आणि पुण्याहून आलेले सासूसासरे. चार रात्री ओआहूवर वायकिकीला, चार रात्री माउईवर कीहेईला. आठही दिवस गाडी घेतली तर बजेट कोलमडतंय. गाडीशिवाय भागेल का? सासूबाईंना घाटात उलटीचा त्रास होतो, हेही सांगून ठेवते.

— प्रा., सॅन होजे

*

नमस्कार,

आठ दिवसांचा हिशेब एकत्र करूच नका. एका बेटावरची गाडी दुसऱ्या बेटावर नेता येत नाही. गाड्या नेणारी सुपरफेरी २००९ सालीच बंद पडली. त्यामुळे करार दोन होणार, आणि निर्णयही दोन.

ओआहूवर चारही दिवस गाडी ठेवणं म्हणजे हत्ती पोसणं. वायकिकीत हॉटेलचं पार्किंग रात्रीला सहज ४०-५० डॉलर घेतं. चार रात्रींचे दोनशेच्या घरात जातात, तेही गाडी नुसती उभी ठेवायला. वर विमानतळावरून उचललेल्या गाडीला रोज साडेचार डॉलर फी पडते. राज्याचा रोजचा सरचार्ज वेगळा, तो मात्र गाडी कुठूनही घेतलीत तरी चुकत नाही. ऑनलाइन दिसणारा दर यातलं काही धरत नाही, म्हणून शेवटच्या पानावरचा एकूण आकडाच बघा.

विमानतळावरून हॉटेलला मोठी टॅक्सी करा. स्कायलाइन रेल्वे ऑक्टोबर २०२५ पासून विमानतळापर्यंत आली आहे, पण ती वायकिकीला जात नाही, त्यामुळे बॅगा आणि आजीआजोबांसकट तिचा उपयोग नाही. वायकिकीतल्या वायकिकीत पाय आणि बस पुरतात.

नॉर्थ शोर आणि पूर्व किनाऱ्यासाठी एकच दिवस गाडी घ्या, तीही वायकिकीतल्याच एखाद्या शाखेतून. इथे लोक फसतात ते वेळेत. गावातल्या शाखा संध्याकाळी लवकर बंद होतात. सूर्यास्त बघून साडेसातला परतलात की शाखेला कुलूप, म्हणजे रात्रीचं पार्किंग आलंच आणि बहुधा दुसऱ्या दिवसाचं भाडंही. शाखेची वेळ आधी पाहा आणि दिवसाची आखणी उलटीकडून करा. गावातल्या शाखांत मिनीव्हॅन मोजक्याच असतात, तेव्हा आजच बुक करा.

हानाउमा बे (मासे बघत पोहायचा उपसागर) सोमवार-मंगळवार बंद असतो. बाकीच्या दिवसांचं बुकिंग दोन दिवस आधी हवाईच्या सकाळी ७ ला उघडतं, म्हणजे आपल्याकडे कॅलिफोर्नियात हिवाळ्यात ९ ला. डायमंड हेड टेकडीलाही बाहेरच्यांना आधी बुकिंग लागतं, आणि गाडी असेल तर पार्किंगचं वेगळं. गाडीचा दिवस या तारखा हातात आल्यावर ठरवा.

— वि., फ्रीमाँट

*

काकांनी ओआहूचं लिहिलंच आहे. माउईचं मी लिहिते. तिथे चारही दिवस गाडी घ्या, विमानतळावरूनच. बस आहे आणि स्वस्तही आहे, पण ना हालेआकाला या ज्वालामुखीच्या डोंगरावर जात ना हाना गावाच्या वाटेवरच्या धबधब्यांना.

सहा जणांना तीन रांगांची एसयूव्ही घेऊ नका. तिसरी रांग उभी केली की मागे दोन केबिन बॅगाही जेमतेम राहतात. मिनीव्हॅनला तिसऱ्या रांगेमागे खोल खड्डा असतो, बॅगा त्यात उभ्या बसतात. धाकट्याची सीट मधल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बांधा, शेजारच्या खुर्चीवर आजोबा. दोन खुर्च्यांमधून वाट मोकळी राहते, म्हणून सीट न काढता आई आणि मोठं मूल मागे जाऊ शकतात. मोठ्याला बूस्टर (मुलाला उंच बसवणारी सीट) हवंच. हवाईत साधारण दहा वर्षांपर्यंत ते सक्तीचं आहे, आणि त्याला कमरेचा आणि खांद्याचा असा दोन्हींचा पट्टा लागतो. सीट आणि बूस्टर घरूनच न्या. विमान कंपन्या त्या फुकट चेक-इन करतात, काउंटरवर त्यांचं रोजचं भाडं पडतं. सासूबाई पुढे, ड्रायव्हरशेजारी.

हानाच्या रस्त्याला ६२० वळणं आणि ५९ पूल, बहुतेक एका वेळी एकच गाडी जाईल एवढे अरुंद. सासूबाई असताना पूर्ण हाना करू नका. अर्ध्या वाटेवरच्या केआनाएपर्यंत जा, तिथली केळ्याची ब्रेड खा आणि परत फिरा. पेट्रोल पाइयाला भरून घ्या, पुढे हानापर्यंत पंप नाही. मागे गावकऱ्यांची गाडी चिकटली की बाजूला घेऊन तिला पुढे जाऊ द्या. ‘नो पार्किंग’च्या पाटीखाली फोटोसाठी थांबलात तर दंड दोनशे डॉलरच्या वर आहे.

किल्लीचं बघा. बहुतेक कंपन्या दोन्ही रिमोट एकाच पोलादी तारेत गुंतवून देतात, म्हणजे जादा किल्ली असून नसल्यासारखी. खिशात विसरून समुद्रात उतरलात की खारं पाणी दोन्ही एकदम मारतं. मग टोइंग, नवीन किल्लीचे काहीशे डॉलर आणि अख्खा दिवस गेला. कुणीतरी एक जण वाळूवर बसणारच, त्याच्याकडे द्या. मिनीव्हॅनमध्ये काही दिसेल असं ठेवू नका, बीचच्या पार्किंगमध्ये काचा फुटतात.

परतताना पेट्रोल कहुलुई विमानतळाजवळच्या कॉस्टकोत भरा. आधीच पैसे भरून घेतलेली टाकी परवडत नाही.

— मी., सनीव्हेल

*

काका, ताई, खूप आभार. दोन शंका राहिल्या. हालेआकालाचा सूर्योदय सासूसासऱ्यांना घेऊन करावा का? आणि काउंटरवर विकतात तो विमा घ्यायचा का?

— प्रा.

*

सूर्योदय सोडा, सूर्यास्त करा. सूर्योदयासाठी पहाटे ३ ते ७ मध्ये हालेआकालाच्या राष्ट्रीय उद्यानात शिरायला गाडीमागे १ डॉलरचं बुकिंग लागतं. ते ६० दिवस आधी उघडतं आणि उरलेलं दोन दिवस आधी, दोन्ही वेळा हवाईच्या सकाळी ७ ला. नाताळात ते मिळालं तरी कीहेईहून भल्या पहाटे अंधारातच निघावं लागेल. सूर्यास्ताला बुकिंग नाही. उद्यानाचे ३० डॉलर तीन दिवस चालतात. माथा १०,०२३ फुटांवर आहे, दीड-दोन तासांत समुद्रसपाटीवरून तिथे पोचता. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कानटोप्या, शाली न्या. उद्यानात पेट्रोलही नाही, खाणंही नाही.

उतरताना गिअर खालचा ठेवा. ब्रेकवर पाय दाबून खाली आलात तर ब्रेक तापतात, वास येतो आणि पकड जाते. अंधारात रस्त्यावर गाई असतात.

विम्याचं म्हणाल तर आधी घरच्या गाडीची पॉलिसी वाचा. तीत कोलिजन (धडकेत आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) असेल तर ते बहुधा भाड्याच्या गाडीलाही लागू पडतं. क्रेडिट कार्डाचं संरक्षण हवं असेल तर पूर्ण भाडं त्याच कार्डावर घाला आणि काउंटरवर विकतात ते डॅमेज वेव्हर (नुकसानभरपाई माफ करणारं कलम) साफ नाकारा. टुरोची (लोक स्वतःच्या गाड्या भाड्याने देतात त्या ॲपची) गाडी घेणार असाल तर हे गणित बदलतं, तिला बहुतेक कार्डं धरत नाहीत.

आणि सासूबाईंसाठी आलेपाक पुढच्या कप्प्यात ठेवा, बॅगेत नको.

— वि.